आरूच्या 'तो'ला कुणीच टोकलं न्हाई

मैत्रिणींनो, दुपारपासून मनात एक शंका घोळून राहिली, म्हणून लिहून राहिले.

आमची आरू अडीच वर्षांची. सध्या तिला सगळेच 'तो'. शेळी आली की "तो आला", मावशी गेली की "तो गेला". सासूबाई लगेच टोकतात, "तो न्हाई गं, ती म्हणावं!"

मला सातवा महिना. आज शिरड शहापूरहून चुलत सासूबाई आल्या. आरूला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आईच्या पोटात कोण हाय गं? भाऊ का बहीण?"

आरू म्हणाली, "तो."

घरात नुसता आनंद! चुलत सासूबाईंनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "लेकराच्या तोंडून देव बोलतो," सासूबाई म्हणाल्या. आमचे हे गालातल्या गालात हसले.

मी म्हणलं, "अहो आई, सकाळी कोंबडीलापण 'तो'च म्हणली. तुमीच टोकलं न्हाई का?"

कुणी ऐकलंच न्हाई.

आता आरू येता-जाता माझ्या पोटाला हात लावते, "तो" म्हणते आणि गुळासाठी आजीकडं बघते.

तुमीच सांगा, कोंबडीची चूक लगेच सुधारणारं घर इथंच काहून गप्प? आणि उद्या ती आली, तर चूक आरूची म्हणतील का माझी?