काकूंपर्यंत न पोचलेलं वाक्य

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं माहीत आहे. हे माहीत नाही. आईला नाही, ज्या मैत्रिणीबरोबर बेसमेंटमध्ये पहिले हिवाळे काढले तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सांगताना माझा आवाज चढेल — चढू द्या. मला राग आलेला आहे. गेली कित्येक वर्षं आलेलाच आहे.

मी ऑपरेशनच्या पेशंटना भूल देते. डॉक्टर नाही, नर्स आहे. विंडसरला राहते आणि सकाळी पूल ओलांडून पलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटला कामाला जाते, कारण कॅनडात नर्सला हे काम जवळजवळ मिळतच नाही. शिकायचं तिकडे, करायचंही तिकडेच. मिरजेहून आलेल्या मुलीनं एवढं केलं म्हणून मराठी मंडळानं गणपतीत माझा सत्कार केला. शाल दिली. घेतली मी. का नाही घेणार?

भूल द्यायच्या त्या कोर्सला अप्लाय करायचं तर आधी आयसीयूत काम केलेलं लागतं. नुसतं केलेलं नाही — किती गंभीर पेशंट सांभाळलेत, कोणती मशीनं हाताळलीत, हे खोदून विचारतात. त्यांचं चुकत नाही. उद्या ज्याच्या हातात माणसाचा श्वास द्यायचा, त्यानं हे सगळं पाहिलेलं हवं. पण त्यानं माझं काय झालं ते सांगते. मला माणसं दिसेनाशी झाली. कोण किती आजारी, एवढंच दिसायचं. बरा होत आलेला पेशंट वाट्याला आला की माझं तोंड उतरायचं. कळतंय ना मी काय म्हणतेय? माणूस बरा होत होता, आणि मला त्याचा वैताग यायचा.

टोरोंटोच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलात होते तेव्हा. नाव नको. तिथे डायलिसिसचं एक मशीन होतं — किडनी बंद पडलेल्या आणि रक्तदाब कोसळलेल्या पेशंटसाठी, हळूहळू, अखंड चालणारं. ते चालवायचं प्रशिक्षण मी घेतलं होतं, पण चालवायला मिळत नव्हतं. कोणाला कोणता पेशंट ते ठरवणारी चार्ज नर्स ते जुन्या नर्सेसनाच द्यायची. आणि अर्ज पाठवायची वेळ जवळ येत चालली होती.

मग काका आले. वर्ध्याचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उन्हाळ्यापुरते ओकव्हिलला मुलाकडे आलेले. न्यूमोनिया झाला, तो रक्तात पसरला. व्हेंटिलेटर लागला. मग किडन्या बंद पडल्या. मुलगा ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेला होता, तो परत निघाला होता — विमानात होता. काकू एकट्या. इंग्रजी येत नव्हतं. मी 'काकू' अशी हाक मारली, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. पदराचं टोक तोंडाशी धरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या इमारतीत मी एकटीच त्यांची भाषा बोलत होते.

दुपारी डॉक्टर आले. अशा वेळी फोनवरून दुभाषा मागवायचा असतो. नर्सनं ते काम करायचं नसतं, आणि का करायचं नसतं ते आता मला चांगलं कळतं. डॉक्टर फोनकडे वळले होते. मी म्हणाले, मी आहे ना, माझीच भाषा आहे. ते थांबले. का थांबले? का ऐकलं माझं? नियम होता ना? — बघा, राग कसा लगेच दुसऱ्यावर जातो. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचा दोष तेवढाच.

खुर्ची ओढून ते काकूंच्या समोर बसले. हळू बोलले. डायलिसिसचं मशीन लावता येईल, म्हणाले, पण त्यानं ते वाचतील असं मला वाटत नाही. शरीर सगळीकडून हरलंय. माझे वडील असते तर मी त्यांना आणखी त्रास दिला नसता, मुलगा येईपर्यंत शांत ठेवलं असतं, आणि मग जाऊ दिलं असतं.

मी काकूंना सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, तब्येत फार नाजूक आहे. पण एक मशीन आहे, ते लावता येईल."

संपलं. बाकीचं माझ्याजवळच राहिलं. विसरले नाही, शब्द सुचले नाहीत असंही नाही. 'माझे वडील असते तर' याला मराठीत शब्द नाहीत का?

काकूंनी विचारलं, मशीननं ते ठीक होतील का. हा प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत जाऊच दिला नाही. मीच म्हणाले, प्रयत्न तर करू या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तू माझ्या जागी असती, तर काय केलं असतं, बाई?"

"लावलं असतं, काकू."

झालं. हेच ते. डॉक्टरांना मी इंग्रजीत सांगितलं की त्यांना सगळं समजलंय, आणि त्यांना सगळे उपचार हवे आहेत. ते मान डोलावून उठले. मशीन मी लावलं, कारण काका माझे पेशंट होते आणि मी चार्ज नर्सला आधीच गळ घालून ठेवली होती. हो, आधीच. नळ्या जोडताना मला आनंद झाला होता. खराखुरा आनंद, पहिल्यांदा सायकल आल्यावर होतो तसला.

आठवडाभराहून जास्त चाललं ते. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांनी काकांच्या पायाची बोटं काळी पडली. पाठीची कातडी सुटली. काकू घरून खोबरेल तेल आणायच्या, तळपायांना लावायच्या. माझ्यासाठी डब्यात ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी आणायच्या. मी खात होते. चवीनं खात होते.

मुलगा आला तोवर डॉक्टर बदलले होते. नव्या डॉक्टर बाई त्याच्याशी स्पष्ट बोलल्या. तो म्हणाला, आईनं डॉक्टरांशी बोलून ठरवलंय, आता तिची आशा मी कशी मोडू? मी तिथेच, हातभर अंतरावर, मशीनची पिशवी बदलत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? एक वाक्य होतं. नोकरी गेली असती, लायसन्स गेलं असतं कदाचित. मी पिशवी बदलली.

एका सकाळी हृदय थांबलं. सगळे उपचार हवेत म्हटलं की छाती दाबणंही आलंच. माझी पाळी आली. बरगडी मोडते ते हाताला कळतं. मी दाबत राहिले. दार उघडं होतं आणि बाहेर काकू उभ्या होत्या. डॉक्टरांनी थांबा म्हटल्यावर त्या आत आल्या, काकांचा गाऊन सारखा केला, पर्समधून कंगवा काढून त्यांचे केस विंचरले. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "लय केलं तू, बाई."

तो हात मी तसाच राहू दिला.

इंटरव्ह्यूत मला विचारलं, तुमचा सगळ्यात गंभीर पेशंट कोणता? मी काकांबद्दल बोलले. काय सुरेख बोलले! औषधं, मशीन, निर्णय, सगळं. एकानं विचारलं, कुटुंबाची इच्छा काय होती? मी म्हणाले, सगळे उपचार व्हावेत अशी. त्यांनी माना डोलावल्या. मला प्रवेश मिळाला. त्या प्रवेशावर माझं घर उभं आहे, माझी गाडी, माझ्या मुलीची हॉकीची शिकवणी, सगळं. मला तिडीक येते ती यानं — की हे सगळं मला आवडतं. यातलं काहीही मी परत देणार नाही, हेही मला माहीत आहे.

काकू दर दिवाळीला वर्ध्याहून फोन करतात. लोकांना सांगतात, परदेशात आपली एक पोरगी होती म्हणून निभावलं. मी ऐकते. हो काकू, म्हणते.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. घाबरल्या होत्या. भूल द्यायला तूच असती तर मला भीती नसती वाटली, म्हणाल्या. मी त्यांना सगळं समजावलं — सुई कुठे टोचतील, पाय कसे जड होतील, जाग कशी येईल. एकही शब्द गाळला नाही. अर्धा तास बोलत होते. ते वाक्य तेव्हाही जिभेवर होतं. मी गोळ्या वेळेवर घ्या म्हणाले आणि फोन ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. काकू आता काठी न घेता देवळापर्यंत जातात. त्यांना अजून वाटतं, त्या दिवशी डॉक्टरांनी आशा दिली होती. डॉक्टरांनी दिली नव्हती. मी दिली होती, आणि ती त्यांच्यासाठी नव्हती.