बोटीची घंटा

कडूबानं समुद्र तर सोडाच, धड नदीही पाहिलेली नव्हती, आणि गळ्यात पडलं बोटीचं इंजन! काकासाहेबांनी मुंबईच्या गोदीतून मोडीतलं ते धूड आणलं, नवीन जालन्याच्या आपल्या जिनिंगात कापसातली सरकी काढायच्या रेच्यांना जोडलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "कडूबा, इंजन तुझ्या हवाली. इंजन गेलं की तूही गेला. बराबर?"

"बराबर, मालक."

दुसरं काय म्हणणार? बारा वर्षं खांद्यावर कावडीनं पाणी वाहिलेला गडी. आता त्याला लोक 'ड्रायव्हर' म्हणून राह्यले होते. झुंबरबाई नवऱ्याची तेलकट बंडी मुद्दाम दारापुढं वाळत घालायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून.

पण बोटीच्या इंजनाला भवताली पाण्याची सवय. इथं त्याला गार ठेवायला एक हौद, आणि तो भरणारी विहीर माघातच तळ दाखवणारी. हौद आटला की इंजन तापणार, तापलं की तडकणार. इंजनाच्या पेटीत बोटीची पितळी घंटा आल्ती. ती कडूबानं खांबाला टांगली. तेलाचा रिकामा डबा तोंड बंद करून हौदात तरंगत सोडला. पाणी उतरलं की डबा उतरायचा, त्याची दोरी ताणली जायची, घंटेच्या लोळ्याला जोडलेली पट्टी इंजनाच्या फिरत्या चाकाला लागायची आणि घंटा ठणाणा बोंबलायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं केलं हो हे!

पहिल्या आठवड्यात घंटा तीनदा वाजली. तीनदा त्यानं इंजन थांबवून हौद भरू दिला. इंजन वाचलं. पण बाहेर कापसाच्या गाड्या घेऊन बसलेल्यांना एवढंच कळलं, की घंटा वाजली म्हणजे काम बंद. चौथ्यांदा वाजली तशा सहा गाड्या वळल्या आणि पलीकडच्या जिनिंगात गेल्या.

काकासाहेब तणतणत आत आले. "बांध तिचं तोंड!"

"मंग पाण्याचं कळंल कसं, मालक?"

"डोळे न्हाईत तुला? बघत बस. जल्दी बांध!"

कडूबानं पटक्याचं टोक फाडलं आणि लोळ्याला चिंधी गुंडाळली. रेच्यांवरच्या बायका बघत होत्या. मालकाचा हुकूम त्यांनीही ऐकला होता.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर इंजनाचा नवा पट्टा आला. काकासाहेब म्हणाले, "तूच जा, दुसऱ्याला कळायचं न्हाई."

"हौदाकडं कोण बघंल?"

"मी मेलो काय? जा!"

पट्टा खांद्यावर टाकून तो परत आला, तेव्हा जिनिंग चिडीचूप. जळक्या तेलाचा वास. इंजन वरपासून खालपर्यंत तडकलेलं. काकासाहेब दलालांसोबत चहा पीत बसले होते, हौदाकडं फिरकलेच नव्हते. डबा कोरड्या तळाला टेकला होता, दोरी ताणलेली होती. घंटेनं तिचं काम बराबर केलं होतं.

"घंटेला चिंधी कोणी बांधली?" काकासाहेबांनी सगळ्यांपुढं विचारलं.

बायकांनी माना खाली घातल्या.

"बोल ना! कोणाच्या पटक्याची हाय?"

"माझ्या."

"ऐकलं ना सगळ्यांनी?"

अरे, बोल की पुढं! 'तुमीच सांगितलं व्हतं' एवढं तर म्हणायचं! पण म्हणालाच न्हाई, जन्मभर. खांद्यावर पुन्हा कावड आली.

इंजन भंगारात गेलं. घंटा काकासाहेबांनी जवळच्या मारुतीला वाहिली, वर स्वतःचं नाव कोरून. दानशूर माणूस, लोक म्हणाले. वा रे दान!

सांजच्याला आरतीत ती घंटा वाजली की रस्त्यानं चाललेला कडूबा दचकायचा, कावड टाकून जिनिंगाकडं चार पावलं पळायचा. पोरं खिदळायची. झुंबरबाई लवंडलेल्या घागरी उचलायची आणि त्याचा हात धरायची.

"अवो, देवळातली हाय ती. चला घरी."

"तेच म्हन्तो," कडूबा म्हणायचा. "चिंधी नसली की वाजती का न्हाई बराबर?"