या आता

नलूमावशी गेल्याचं मला हेल्गाने फोनवर सांगितलं. त्याला आता दीड महिना होईल. हेल्गा तेव्हा त्या वृद्धाश्रमात कामाला राहिलेली नव्हती, तिलाही ते कुणाकडून तरी कळलं होतं. आश्रमातून मला फोन येण्याचा प्रश्नच नव्हता... मी नातेवाईक नव्हते. दर बुधवारी मराठी बोलायला येणारी एक मुलगी, एवढीच माझी तिथे ओळख.

मी कायझर्सलाउटर्नला पीएचडीसाठी आले, तेव्हा युरो येऊन थोडीच वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी म्हणालं, जवळच्या गावात नगरपालिकेच्या वृद्धाश्रमात एक मराठी बाई आहेत, जर्मन विसरत चालल्यात, तिथे त्यांचं कुणाला काही कळत नाही. मला ओळखी काढणं जमत नाही. पण विसरणाऱ्या माणसापुढे कसलं लाजायचं, असं वाटून गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे किती गं?" मी मनात सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन करत बसले. "इंग्लिश मीडियम!" म्हणून त्या खुदकन हसल्या. पुढे माझं नावच ते पडलं.

मावशी मूळच्या सांगलीच्या. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या डीटरशी लग्न करून तरुणपणी इकडे आल्या. मूलबाळ झालं नाही. डीटर मी येण्याआधीच गेला होता. नवऱ्याला आयुष्यभर 'अहो' म्हणाल्या. गल्लीतल्या लोकांना ते त्याचं लाडाचं नाव वाटायचं. दोघंही एका पक्षाचे सभासद. निवडणुकीत चौकातल्या टेबलामागे उभं राहून पत्रकं वाटायची, पक्षाच्या उन्हाळी जत्रेत मावशींनी कांदाभजी तळायची. गावाने स्वतःचा वृद्धाश्रम बांधावा म्हणून हाच पक्ष भांडला होता. वृद्धाश्रम म्हटलं की माझी आई फोनवर हळहळायची. मावशींना त्यात काहीच वाटत नसे. "आमचंच घर आहे हे. भांडून बांधून घेतलंय." त्यांची खोली तळमजल्यावर, बागेच्या दाराला लागून. दाराबाहेर कुंडीत कोथिंबीर. "इथून मला हलवायचं नाही, सांगून ठेवते," हे मी दर बुधवारी ऐकायची.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही. आपण मात्र निघणाऱ्या माणसाला 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. मला मावशी 'ये हं' म्हणायच्या. पण समोरचा माणूस नकोसा झाला की हात जोडून म्हणायच्या, "या आता." म्हणजे पुरे, निघा. हेल्गा तिथली जुनी परिचारिका, तिने हे कधीच ओळखलं होतं. "हात जोडले की नाइन. नाही जोडले की या," ती मला म्हणाली होती.

मग नगरपालिकेने आश्रम एका कंपनीला विकायचं ठरवलं. तिजोरीत पैसा नाही, म्हणे. ठराव मांडणारा नगरसेवक मावशींच्याच पक्षाचा, लहानपणी जत्रेत त्यांची भजी खाल्लेला. मतदानाआधी तो फुलं आणि एक वार्ताहर घेऊन त्यांच्या खोलीत आला. मी तिथेच होते. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने तो म्हणाला, "काहीही बदलणार नाही! तुम्हाला मान्य आहे ना, फ्राउ नलू?" मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "या. या आता."

"ऐकलंत?" तो वार्ताहराला म्हणाला. फ्लॅश उडाला.

मी बोलले. होतं नव्हतं तेवढं जर्मन गोळा करून बोलले, "त्या तुम्हाला निघायला सांगतायत." तो हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर! थट्टा करायची सवय त्यांची पहिल्यापासूनची." पेपरात फोटो आला. जोडलेले हात, आणि खाली ओळ, 'जुन्या सभासद आभार मानताना.' मी दुरुस्ती लिहून पाठवली. ती छापली नाही.

विक्री झाली. पक्क्या नोकरीतल्या हेल्गासारख्या बायका आधी बाहेर पडल्या. नव्या मुली वाईट नव्हत्या, पण एका माणसापाशी थांबायला त्यांना वेळच ठेवला नव्हता. जेवण अर्ध्यावर असताना विचारायच्या, झालं का? मावशी म्हणायच्या, "या आता." ताट उचललं जायचं. एका बुधवारी गेले तर मावशी वरच्या मजल्यावर, दुसऱ्या एका बाईबरोबरच्या खोलीत. खिडकीतून फक्त पार्किंग. खालच्या खोलीत कंपनीचं ऑफिस. कुंडीचं काय झालं, कुणाला माहीत नव्हतं. "आम्ही विचारलं होतं," व्यवस्थापक म्हणाले. "त्या हो म्हणाल्या. दोनदा." मी त्यांना दोन भाषांतला 'या' समजावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण नातेवाईक आहात का?"

वर गेल्यावर मावशी बोलेनाशा झाल्या. निघताना 'ये हं' बंद झालं. थंडीत न्यूमोनिया झाला... कागदावर तेवढंच आहे. लोक मला म्हणतात, भाषेचा गैरसमज झाला, दुसरं काय. गैरसमज कसला? तो दूर करणारं माणूस समोर उभं होतं. त्यांना तो हवा होता. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचा नकार त्यांनी होकार म्हणून वापरला, आणि ज्या टेबलामागे ती वर्षानुवर्षं उभी राहिली, त्याच टेबलामागून वापरला.

गेल्या शनिवारी चौकात ते टेबल पुन्हा लागलं होतं. तोच नगरसेवक. त्याने मला ओळखलं. "आल्झो, बघा तर, फ्राउ नलूंची मैत्रीण! किती समाधानी होत्या हो त्या." आणि पत्रक पुढे केलं.

मला चारचौघांत भांडता येत नाही. मी पत्रक घेतलं नाही. मावशींसारखे हात जोडले आणि स्पष्ट म्हणाले, "या आता."

त्याचा चेहरा उजळला. त्यानेही हात जोडले. "नमस्ते," म्हणाला.