बंकरमागच्या दोन विटा

डोरीनबाई फोन उचलत नव्हत्या. तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली.

सकाळी त्यांनीच आमच्या घरदुरुस्तीच्या ऑफिसला निरोप ठेवला होता : "शेगडी धुमसतेय, लव्ह. डोकंही दुखतंय." तिकडे कुणालाही 'लव्ह' म्हणतात. आठवड्यापूर्वी मी त्यांच्या मागच्या अंगणात कोलबंकर बांधून दिला होता. म्हणजे कोळसा साठवायची विटांची पेटी. उत्तर इंग्लंडमधल्या त्या खाणवस्तीत दोन हजार सालानंतरही बरीच घरं कोळशावरच ऊब धरून होती.

दुपारी निरोप वाचून मी बॉसला, कीथला, विचारलं, "शेगडीचा बंकरशी काय संबंध?"

"बांधलास कुठे?"

"मागच्या भिंतीला लागून."

"एअर ब्रिक मोकळ्या ठेवल्यास ना?"

"त्या छिद्रांच्या विटा? दोन्ही सिमेंटने बुजवल्या."

कीथ उभाच राहिला. "फोन कर तिला. आत्ता."

एअर ब्रिक भिंतीच्या तळाशी असते. तिच्यातून लाकडी जमिनीखाली हवा खेळते. या घरांत शेगडीलाही हवा तिथूनच मिळे. खिडक्या तर आमच्याच ऑफिसने नुकत्याच डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचांच्या, घट्ट बसवल्या होत्या. हवा कमी पडली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो.

मी शिरपूरचा. घरातला पहिला पदवीधर. आमच्याकडे जोत्याला भोक दिसलं, की उंदीर-विंचू शिरू नयेत म्हणून आधी बुजवतात. मीही तेच केलं होतं.

कीथने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि गाडी काढली.

"ड्रॉइंग माझं होतं," मी म्हणालो.

"सही माझी आहे. न बघता केलेली. फोन करत राहा."

त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसलं, डोरीनबाई खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही त्यांना खुर्चीसकट अंगणात आणलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

"बूट घालून कार्पेटवर आलात?" त्या पुटपुटल्या. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली.

दोन दिवसांनी त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या. तोवर मी बंकर पाडून विटा मोकळ्या केल्या होत्या. नवा बंकर अंगणाच्या टोकाला आहे. लांब पडतो, अशी त्यांची तक्रार आहे. अपघाताच्या रिपोर्टमध्ये चूक कुणाची, तिथे कीथने माझ्या नावाआधी स्वतःचं नाव लिहिलं. माझी नोकरी त्यामुळेच टिकली.

बांधकाम चालू असताना डोरीनबाई म्हणाल्या होत्या, "माझा नवरा त्या भिंतीला काही टेकू द्यायचा नाही." मी आदराने मान डोलावली होती. का, ते विचारलं नव्हतं.

हल्ली साइटवर मी मान कमी डोलावतो.