पिशवी हलकी करणाऱ्या आमच्या सिस्टर

यशोदाताईंना इंझोरीत कुणी यशोदाताई म्हणत नाही. उपकेंद्रातून आरोग्यसेविका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात जाणती माणसं लिहितील. मी त्यांची सगळ्यात नवी शिष्या, आणि आमची पहिली ओळख म्हणजे माझी फजिती.

दोन वर्षांपूर्वी मी अमरावतीहून कॉलेजच्या सुटीत घरी आले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे भारी उत्साह. इंटरनेटवरून 'इमर्जन्सी किट'ची एकतीस वस्तूंची यादी काढली. गावातल्या प्रत्येक घरात हे पाहिजेच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. पहिलं किट आमच्याच घरी भरलं आणि सिस्टरना कौतुकानं दाखवायला बोलावलं. त्या ओट्यावर टेकल्या आणि आईला म्हणाल्या, "उचलून पाह्य बरं."

आईला बॅग जागची हलेना.

"काय वं पोरी, दवाखान्यात मानूस न्याचा हाय का बॅग?"

मी फुगून बसले. सिस्टर मात्र प्रत्येक वस्तू मला विचारून बाहेर काढत होत्या. कुलूप गेलं, दोरी गेली, ब्लेड गेलं, पाण्याच्या सहा बाटल्या गेल्या. राहिलं काय, तर टॉर्च, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि मोठ्या अक्षरात लिहिलेले चार फोन नंबर. सगळं आईच्या कापडी पिशवीत मावलं, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीवर गेली. मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "घरी कोनाले काही झालं, त कोन काय करन?" आई पेशंटजवळ थांबणार, वहिनी गाडी बघणार, असं ठरलं. मी म्हटलं, "मी बॅग उघडीन." सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. "तुयं निम्मं बरोबर हाय," म्हणाल्या. "उघडाची कवा आन् काहाले, थे शिकाले येत जाय माह्यासंगं."

तेव्हापासून सुटीत घरी आले की मी त्यांच्यासोबत घरोघरी जाते. त्यांची पद्धत एकच. चहा घ्यायचा आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी नव्या सुनेलासुद्धा, आपलं काम आपल्या तोंडून बोलायला लावायचं. "आमच्या घरी काय होते, सिस्टर?" म्हणणाऱ्यांकडे त्या पुन्हा पुन्हा जातात. उलट आमच्या शेजारच्या काकू आभाळ आलं की पोरांना शाळेत पाठवेनात. त्यांना सिस्टर म्हणाल्या, "पिशवी टांगली ना? मंग इसर तिले. भाकरी टाक." किती भ्यायचं आणि किती विसरायचं, हे मला एवढ्या सोप्या शब्दांत दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

पण मी एक गोष्ट लपवली होती. पहिल्या दिवशीच संध्याकाळी, साप चावला तर लागतील म्हणून, मी ब्लेड आणि दोरी पिशवीत परत टाकली होती. सिस्टरचं शिक्षण जुनं, असं मला वाटायचं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत, भर दुपारी, गोठ्यात गुरांसाठी कुटार काढताना बाबांच्या पायाला साप चावला. मी पिशवीकडे धावले आणि ब्लेड काढलं. आईनं माझं मनगट धरलं. "ठेव थे! सिस्टरनं कापाचं नाही म्हनलं ना! मानूस हलू द्याचा नाही!" चौथी शिकलेली माझी आई बाबांचा पाय मांडीवर घेऊन स्थिर बसली होती. वहिनी गाडी घेऊन आल्या. तेवढ्यात माझे काका आडवे आले, "आदी बाबाजीकडं नेऊ, मंत्र मारते थो."

वहिनींनी सिस्टरना लावलेला फोन स्पीकरवर होता. "भाऊजी, बाबाजी कुठं पळून नाही चालले. आदी दवाखाना. मंग पाह्यजे त्याच्या पाया पडा!"

काका गुपचूप गाडीत बसले. सिस्टर फाट्यावर उभ्याच होत्या. बाबांच्या पापण्या जड होत होत्या. मानोऱ्याच्या दवाखान्यापर्यंत सिस्टर त्यांच्याशी बोलत राहिल्या. इंजेक्शन वेळेवर मिळालं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाबा घरी आल्यावर मी सिस्टरपुढे ब्लेडची कबुली दिली आणि रडले. त्या माझ्या शेजारी बसल्या. "मलेबी आदी दोरी बांधाचंच शिकवलं होतं. मंग सांगतलं, नोको बांधू. थे जुनं मी इसरली. तूबी इसर." ही गोष्ट त्यांनी गावात कुणाला सांगितली नाही. आज मीच लिहिते आहे.

सिस्टर एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. यंदा त्यांना ताप आला आणि आम्हाला दोन दिवसांनी कळलं. आता गल्लीनं ठरवलंय: सकाळी दूध आणायला जाताना वहिनी त्यांना हाक मारतात, आणि ओ आली नाही तर बाबांनी दार उघडायचं, दुसरी किल्ली त्यांच्याकडे. "मी काय म्हातारी झाली काय?" म्हणून सिस्टर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी किल्ली स्वतः आणून दिली.

ती किल्ली बाबा जिवापाड जपतात. सिस्टर, तुम्ही शंभरी पार करा, ठणठणीत राहा, आणि रोज सकाळी वहिनींना आतून "काहून वरडून राह्यली वं!" म्हणून ओरडा. बाबांची किल्ली गंजून जाऊ द्या.