अलवियाबाईंची गरिबी

अलविया बाबिकरकडे खाण्याच्या दोन गाड्या होत्या, कर्ज नसलेलं घर होतं, मांस ठेवायला माणूस उभा राहील एवढा मोठा फ्रीज होता. आणि कुणी विचारलं तर तिच्याकडे काहीही नव्हतं.

"कसं काय चाललंय?" असं म्हणायचा अवकाश, की ती डोळे अर्धे मिटायची, हात छातीवर ठेवायची आणि म्हणायची, "कुठलं काय! दिवस ढकलतोय. देवाची कृपा." हे ती गाडीसमोर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना, तामियाचे वडे तळता तळता म्हणायची. त्यात तिला काही विसंगत वाटत नसे. सुदानातल्या उम्दुर्मानमध्ये तिची आई असंच म्हणायची, आणि आईची तर भर बाजारात कापडाची दुकानं होती. आहे ते आहे म्हटलं की दृष्ट लागते. शहाणी बाई आपली भरलेली कोठी झाकून ठेवते आणि तोंडाने रिकामं मडकं वाजवते.

फरक एवढाच, की उम्दुर्मानमध्ये ऐकणारीलाही हे ठाऊक असतं. ती मनातल्या मनात आकडा चौपट करून घेते आणि वर म्हणते, "आमचं तरी कुठे काय!" दोघी समाधानाने घरी जातात. इथे अमेरिकेत, आयोवात, लोक सांगितलेलं खरं मानतात. वीस हिवाळे काढूनही हे अलवियाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

तशी ती मंद मुळीच नव्हे. व्हिसाची सोडत लागली म्हणून नवऱ्याबरोबर या नदीकाठच्या गावात आली, तेव्हा खार्तूमच्या विद्यापीठाची शेतीशास्त्राची पदवी तिच्या पेटीत होती. त्या पदवीचं इथे कुणी लोणचंही घातलं नसतं. पाच वर्षं हॉटेलातल्या चादरी बदलल्या, मग इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी, मग भाज्या, मग मुख्य स्वयंपाक. नवरा बद्रुद्दीन तिकडे भूगोल शिकवायचा, इकडे बस चालवू लागला. "आता निदान भूगोल प्रत्यक्ष फिरून बघतो," असं तो म्हणायचा. मग पहिली गाडी. मग दुसरी. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे पातळ घावन, म्हणजे किस्रा, मक्याच्या मुलखातल्या धिप्पाड गोऱ्या शेतकऱ्यांना हाताने खायला लावणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तिने ते केलं.

तिच्या शेजारी लॉर्ना व्हिटकोम राहायची. पंचाहत्तरी उलटलेली, सरळ पाठीची, ग्रंथालयात जन्म काढलेली. पणजोबा इंग्लंडातून डेव्हनहून आले होते, त्यांची तसबीर दिवाणखान्यात होती आणि त्यांनी घरात घालून दिलेला नियम अजून पाळला जात होता: पैशाबद्दल बोलायचं नाही. असले तरी नाही, नसले तर त्याहून नाही. लॉर्नाला "कशा आहात?" म्हटलं की एकच उत्तर, "अगदी मजेत, धन्यवाद." तिच्या गोतावळ्यात या वाक्याला काडीचा अर्थ नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. अलवियाला कुठून असणार? तिने ते खरं मानलं. लॉर्नाबाई थंडीत एकाच खोलीत हीटर लावून बसतात, घरात कोट घालून वावरतात, तीन आठवडे तेच सूप पितात, हे तिला दिसत होतं. पण श्रीमंतांची खोड, दुसरं काय!

अशा दोघींना अलवियाच्या मुलीने, रिहाबने, अर्थशास्त्राच्या निबंधासाठी पकडलं. विषय होता, गावातल्या सुदानी आणि इंग्रजी मुळाच्या घरांची आर्थिक स्थिती, तुलना करून. रिहाबने मोबाइल मध्ये ठेवून आईची मुलाखत घेतली.

"युम्मा, महिन्याची मिळकत?"

"कुठलं काय!"

"आई, हे कॉलेजचं आहे. दृष्ट लावणारं कुणी नाही यात."

"तुझ्या सरांना डोळे नाहीत?"

"तुझ्या दोन गाड्या आहेत!"

"गाड्या देवाच्या. मी फक्त पेट्रोल घालते. आणि हळू बोल, खिडकी उघडी आहे."

पलीकडे लॉर्नाने चहा दिला, बिस्किट दिलं आणि "आमचं अगदी मजेत" एवढं सांगून हवामानाकडे वळली. रिहाबने दोन्ही उत्तरं इमानाने मांडली. सुदानी कुटुंब कष्टी, हलाखीचं. इंग्रजी मुळाचं कुटुंब स्थिरस्थावर. सर खूश. हेच त्यांना आधीपासून वाटत होतं, आणि आधीपासून वाटत असलेलं छापून आलं की शिकलेल्या माणसाला फार बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. अलवियाची धाकटी बहीण, निमात नावाची, लढाई पेटल्यावर चार मुलांना घेऊन खार्तूममधून निघाली, ती कैरोत एका खोलीत येऊन पडली होती. कागदपत्रं झाली, मार्चमध्ये येणार हे ठरलं. पण राहणार कुठे? चार मुलं म्हटली की घरमालकांना अचानक आठवायचं की जागा कालच गेली. अलवियाच्या घरात बहिणीला महिनाभर मांडीला मांडी लावून बसवता आलं असतं, जन्मभर नाही. तिला निमात शेजारी हवी होती. कुंपणावरून हाक मारली की ओ देईल इतकी शेजारी. दोन वर्षं फोनवर बहिणीचं रडणं ऐकलेल्या बाईला याहून लांबचं काही चालणार नव्हतं.

आणि जानेवारीतल्या एका सकाळी लॉर्नाच्या अंगणात, गोठलेल्या मातीत ठोकलेली पाटी दिसली: घर विकणे आहे.

अलविया चपला घालूनच बर्फातून पलीकडे गेली.

"लॉर्नाबाई, हे काय? मला सांगितलं नाही?"

"अगं, ये आत, पाय गारठतील. मुलगा म्हणतो अ‍ॅरिझोनाला ये. त्याच्या तळघरात खोली आहे. छान असेल." लॉर्नाने 'छान' हा शब्द ओठाला न लावता उच्चारला. "घरं भाड्याने देणारी एक कंपनी आहे, सोमवारी सही आहे. पाडून विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधणार म्हणे."

"पण मला विचारायचं ना!"

लॉर्नाने तिच्या हातावर हात ठेवला. "अलविया, तुला उगाच अवघडल्यासारखं झालं असतं. मला ठाऊक आहे तुमचं किती ओढाताणीचं असतं ते. दहा वर्षं ऐकतेय मी. म्हणून तर नाताळात ते डबे आणते. त्याचा राग नाही ना येत तुला?"

ते डबे! दर डिसेंबरात लॉर्ना फीत बांधून शिधा आणून द्यायची: डब्यातले पीच, डब्यातले मटार, आणि डुकराच्या मांसातल्या घेवड्याचे दोन मोठे डबे. अलविया फार प्रेमाने घ्यायची. बाईंना नाही कसं म्हणायचं? मग ते सगळे मशिदीच्या मदतपेटीत जायचे. तिथे ती स्वतः बसून प्रत्येक डब्यावर हिरव्या चंद्रकोरीचा ठिपका चिकटवायची, आणि मशीद ते गावाच्या मोफत शिधाकेंद्रात पाठवायची. गोरगरिबांच्या पोटात जाईल, पुण्य लागेल.

"बसा, चहा मी करते," अलविया म्हणाली. तिला विचार करायला वेळ हवा होता.

"साखर वरच्या—" लॉर्ना उठू लागली, "थांब, मी देते!"

पण अलवियाने कपाट उघडलं होतं. आत पीच होते, मटार होते आणि प्रत्येक डब्यावर हिरवी चंद्रकोर होती. खालच्या फळीवर काही डबे वेगळे काढून ठेवलेले, त्यांच्यावरचे ठिपके नखाने खरवडलेले, शेजारी लाल फितीचं भेंडोळं.

अलवियाने एक डबा काढून टेबलावर ठेवला.

"मी शिधाकेंद्रात मदतीला जाते," लॉर्ना पणजोबांच्या तसबिरीकडे बघत म्हणाली.

"मदत करणारे घरी आणतात?"

"कधी कधी उरतं."

"लॉर्नाबाई! हे डबे तुम्ही मला देता, मी मशिदीत देते, मशीद केंद्रात देते आणि तुम्ही तिथून आणून परत मला देता? हा घेवडा या गावात किती वर्षं फिरतोय?"

लॉर्नाचे कान लाल झाले. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. अलविया घाबरली, बाई रडतात की काय म्हणून. बाई हसत होत्या.

"मलाही तो घेवडा आवडत नाही," लॉर्ना म्हणाली.

हसणं ओसरल्यावर अलविया समोर बसली. "आता खरं सांगा. आणि 'मजेत' म्हणायचं नाही."

लॉर्नाने कप बाजूला सारला. मग सांगितलं. पेन्शन तुटपुंजं, छप्पर गळतं, घरपट्टी डोईजड, म्हणून विकायचं. नदीकाठी म्हाताऱ्यांसाठी छोटे फ्लॅट आहेत, ग्रंथालयाच्या समोरच, तिथे राहायला फार आवडलं असतं. पण दर महिन्याचं भाडं कुठून आणायचं? घराचे पैसे एकदम हातात आले की मुलगा गुंतवायला नेणार. त्याने आजवर गुंतवलेलं सगळं बुडालंय. हे सांगताना तिचा आवाज एवढा खाली गेला, की जणू चोरी कबूल करत होती.

"झालं?" अलविया म्हणाली. "मग ऐका. घर मी घेते. अर्धे पैसे आत्ता, उरलेले दर महिन्याला तुमच्या हातात. वकिलाकडे रीतसर करार करू. व्याजाच्या भानगडीत मी पडत नाही, त्यापेक्षा किंमतच थोडी चढी लावा. तुमचं भाडं सुटेल, माझी बहीण येईल."

लॉर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते भलतंच होतं. "किती मोठं मन गं तुझं. पण बाळ, तुला ते झेपायचं नाही."

"झेपेल."

"दिवस ढकलतेस तू. परवाच म्हणालीस."

"ते म्हणायचं असतं!"

"का?"

दृष्टीची गोष्ट इंग्रजी मुळाच्या बाईला पटणार नव्हती. अलविया म्हणाली, "माझ्याकडे..." आणि थांबली. गाड्या, भिशी, फ्रीज, सगळं जिभेच्या टोकाशी येऊन मागे फिरत होतं. दहा वर्षं जी बाई वडे तळता तळता बेधडक खोटं बोलली, तिला खरं बोलताना घाम फुटला. लॉर्ना तिच्या हातावर थोपटत राहिली. गरिबाचा स्वाभिमान कसा सांभाळावा याचं तिच्याकडे उत्तम शिक्षण होतं.

अलविया ताडकन उठली आणि घरी गेली.

बद्रुद्दीन जेवत होता. बायकोने पलंगाखालची पेटी ओढली, लग्नातला हार काढला, आईच्या रुंद पाटल्या काढल्या, कानातले चंद्र, कपाळावरची साखळी, बोटाबोटाच्या अंगठ्या, एकेक चढवत गेली.

"कुणाचं लग्न?" त्याने विचारलं.

"निमातच्या घराचं. रिहाब, चल. आणि तोंड उघडायची वेळ आली की खरं बोल."

"कुठलं खरं? बाहेरचं की घरातलं?"

"घरातलं!"

लॉर्नाने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरली. दारात हिवाळी उन्हात झळाळणारी देवळातली मूर्ती उभी होती. वरून ओव्हरकोट, खाली चपला.

"हे माझं," अलविया एका दमात म्हणाली. "हे सगळं माझं. गाड्या दोन्ही माझ्या. घराचं कर्ज नाही. आमच्या बायकांची भिशी आहे, तिचा या महिन्याचा नंबर माझा. मी गरीब नाही. कधीच नव्हते. माफ करा."

लॉर्नाने रिहाबकडे बघितलं. "आणि तुझा निबंध, मुली?"

"त्याला फार चांगले मार्क पडले, मिसेस व्हिटकोम," रिहाब मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही दोघी खोटं बोललात, पण एकमेकींना अगदी जुळेल असं बोललात."

लॉर्नाने हाराला बोट लावून पाहिलं. मग ती आत गेली, कंपनीला फोन केला आणि कधी नव्हे तो स्पष्ट आवाजात म्हणाली की सोमवारी येऊ नका. किमतीवर मात्र अर्धा तास गेला. लॉर्ना कमी सांगायची आणि अलविया सवयीने त्यातही घासाघीस करायची, मग स्वतःच जीभ चावून वाढवायची. शेवटी रिहाबने मधला आकडा सांगून दोघींना गप्प केलं.

मग दोघी पाटी काढायला अंगणात गेल्या. पाटीचा खांब गोठलेल्या मातीत असा रुतला होता की हलेना. लॉर्नाने ओढला, अलवियाने ओढला, पाटल्या खणखणल्या, खांब ढिम्म. बर्फ वितळेपर्यंत तो असाच राहणार हे उघड होतं.

टपालवाला गाडी थांबवून बघत राहिला. "चांगलं घर आहे हो. गेलं का?"

"गेलं," लॉर्ना म्हणाली.

"कोणी घेतलं?"

हात कोटाच्या खिशात घालून लॉर्ना सभ्यपणे शेजारणीकडे बघत राहिली. अलवियाने घरांच्या ओळीवरून नजर फिरवली. पुढल्या घरातली बाई कचरा टाकायला बाहेर आली होती, तीही कान देऊन उभी. हिवाळा अजून लांबलचक होता, रस्त्यावर माणसं पुष्कळ होती आणि प्रत्येक जण हेच विचारणार होता.

"मी," अलविया म्हणाली. टपालवाल्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तिला आणखी मोठ्याने म्हणावं लागलं.