बंद खिडकीमागचा पाक

परवा सरबतासाठी ठेवलेला साखर-लिंबाचा पाक करपला आणि मी थेट विद्यानगरच्या आमच्या जुन्या गल्लीत पोचले. तेव्हा घरोघरी नुकताच केबल टीव्ही आला होता, आणि समोरच्या वहिनींच्या बंद खिडक्यांमागून रोज दुपारी हाच वास यायचा. बायका तोंड लपवत मागच्या दारानं आत जायच्या. "गुडंबा गाळतेय ती, गुळाची दारू," सासूबाई मला म्हणाल्या, "जाऊन बघून ये." आत पाहते तर गॅसवर पाक उकळत होता, आणि पोलिसांना बोलवा म्हणून गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्या काकू त्याच पाकानं हातांना वॅक्स करून घेत होत्या. "घरी सांगू नक्को गं, माझं पार्लर बंद पाडतील," वहिनी रडवेल्या झाल्या. "सांगणार," मी खुर्चीत बसत म्हटलं, "काकूंच्या नावासकट सांगणार, मग बघू कोण बंद पाडतं!" तासाभरानं सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय शिजतंय तिथं?" मी गुळगुळीत हात त्यांच्यापुढे धरले. "हे शिजतंय. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, येताय?" परवा माझी सून म्हणाली, "आई, वास शेजारपर्यंत जातोय." म्हटलं, "जाऊ दे की."